फी न घेणारी माणसं

९ डिसेंबर, मंगळवार. अर्धा दिवस रजा टाकून फाईल लावायला बसले. खरेदीखताचा मसुदा, मुद्रांक शुल्काचं चलन, सोसायटीचं ना हरकत पत्र, दोन साक्षीदारांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स, माझे आणि ताईचे फोटो. प्रत्येक कागदावर पेन्सिलने क्रमांक घालायचा, त्याची यादी करायची आणि ती सगळ्यात वर लावायची. दुसऱ्या दिवशी अकराला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठे उठवले की विश्रांतवाडीतला दोन खोल्यांचा एक फ्लॅट आम्हा दोघी बहिणींच्या नावावर होणार होता.

याद्या करण्याची मला सवय आहे. खडकीच्या कारखान्यात, तपासणी विभागाच्या कार्यालयात, मी सव्वीस वर्षं कागद पुढे सरकवते आहे. माल मी बघत नाही, मालाबरोबर आलेली चिठ्ठी बघते. ज्याने माल तपासला त्याची सही चिठ्ठीवर नसेल तर ती माझ्या टेबलावरून हलत नाही, मग समोर कोणीही येऊन उभा राहो. नवीन लागलेली माणसं सुरुवातीला चिडतात. "बाई, बघितलंय हो, सही नंतर करतो," म्हणतात. मी म्हणते, नंतर करा, चिठ्ठीही नंतर जाईल.

ही झाली नोकरी. घरचा कारभार मी कसा केला ते आता सांगते.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. खाजगी हॉस्पिटलात नर्स होती, त्यामुळे पेन्शन नाही. भाऊजी गेले, मूलबाळ नाही. तिने आयुष्यभर साठवलेलं सगळं आणि मी माझ्या फंडातून काढलेलं थोडं, असं मिळून फ्लॅट घ्यायचा, तो भाड्याने द्यायचा आणि भाड्यावर ताईने राहायचं, असा बेत होता. बेत माझा. ताई फक्त "तू म्हणतेस तर" म्हणाली होती. उद्या काही चुकलं तर माझा पगार चालूच राहणार होता. ताईकडे मात्र दुसरं काही नव्हतं.

एका रविवारी मी घरांमधल्या गुंतवणुकीवरचं एक फुकट व्याख्यान ऐकून आले होते. कोट घातलेला एक तरुण सांगत होता, "प्रॉपर्टी नंतर. आधी आपली टीम बिल्ड करा. एजंट, वकील, इंजिनिअर, सी.ए. चार लोक सॉलिड पाहिजेत, मग तुम्ही आरामात झोपा." पुढचा सगळा वेळ त्याचा तीन दिवसांचा कोर्स विकण्यात गेला. तो मी घेतला नाही. चार नावांच्या चार ओळी मात्र वहीत लिहून घेतल्या आणि घरी येताना मनात म्हटलं, एवढं तर आपल्याला फुकटात जमेल.

फुकटात जमलंही.

एजंट विश्रांतवाडीतलाच. झेरॉक्सच्या दुकानात एक टेबल टाकून बसतो. तो मिळायला वेळ लागत नाही, तोच तुम्हाला शोधतो. इंजिनिअर म्हणजे भाऊजींचे मित्र, सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी फ्लॅट पावलांनी मोजला, खिडकीतून बाहेर बघितलं, "हवा छान येते," म्हणाले आणि चहा घेऊन गेले. फी विचारली तर हात जोडले.

आणि वकील आमच्या विहारातले. रविवारी वंदनेला पुढच्या रांगेत बसतात. माझ्या वडिलांचा हात धरून शिकलेल्या मुलांपैकी ते एक, म्हणून मी त्यांना दादा म्हणते. बाहेरचा वकील बघावा असं मला एकदाही वाटलं नाही आणि त्याला कारण आहे. बारा-एक वर्षांपूर्वी ताई आणि भाऊजी असाच एक फ्लॅट बघायला गेले होते. सगळं पसंत पडलं, बोलणं झालं, शेवटी मालकाने आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, फ्लॅट आधीच कोणाला तरी दिलेला होता, विसरलोच. दाखवणारा एजंट परका होता, कागद बघणारा वकीलही परका होता, आणि त्या दोघांना ते विसरणं अगदी नैसर्गिक वाटलं. तेव्हापासून आमच्या घरात ठरलेलं आहे, कागदपत्राचं काम आपल्या माणसाकडे.

दादांना मी फीचं विचारलं तेव्हा ते रागावलेच.

"फी? तुझ्याकडून? अगं, तुझ्या बाबांनी मला पहिली वही घेऊन दिली. हे बोलायची हिंमत कशी झाली तुझी?"

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, पैसे वाचले म्हणूनही बरं वाटलं. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला, "बघितलंय मी. काही नाही त्यात. कर पुढे." मी ताईला फोन लावून सांगितलं, "वकिलांनी सगळं बघितलंय." ताईने मुदत ठेवी मोडल्या.

राहिला सी.ए. तो आमच्या ओळखीत कोणी निघाला नाही. ऑफिसातल्या एकीने बुधवार पेठेतल्या एका बाईंचं नाव दिलं होतं. त्या मंगळवारी मला त्यांना एवढंच विचारायचं होतं की भाडं सगळं ताईला मिळायचं असेल तर खरेदीखतात हिस्सा कोणाचा किती लिहावा. फाईल लावून झाली, पिशवीत घातली आणि चार वाजता गेले.

खाली स्पीकर आणि वायरींची दुकानं, वर दुसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. बाई साठीच्या, सुती साडी, नाकावर चष्मा. मला बसा म्हणायच्या आधी त्यांनी पिशवीकडे बघितलं.

"फक्त हिस्सा किती लिहायचा एवढंच विचारायचंय?"

"हो."

"मग एवढी फाईल फिरायला आणलीत? द्या इकडे."

त्यांनी मसुदा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. वाचताना पेन्सिलचं टोक ओळीखालून सरकवत होत्या. तिसऱ्या पानावर पेन्सिल थांबली.

"विक्रेत्यांना हा फ्लॅट वडिलांकडून आला. 'एकमेव वारस.' बरं. सर्च रिपोर्ट कुठाय?"

"वकिलांनी बघितलंय सगळं."

"बघितलं असेल हो. मी रिपोर्ट मागितला. मागचे सगळे दस्त बघून, फ्लॅट कोणाकडून कोणाकडे आला ते लिहून, खाली सही करून देतात, तो कागद."

"कागद नाही. तोंडी सांगितलं त्यांनी."

"फी किती दिलीत?"

"घेतली नाही. घरचेच आहेत."

"आणि इंजिनिअर?"

"तेही घरचेच."

बाईंनी चष्मा काढला. "मग माझ्याकडे कशाला आलात? घरात सी.ए. नाही का कोणी?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"अहो, तुमच्याकडे वकील नाही. वकिली शिकलेले एक गृहस्थ तुमच्या ओळखीचे आहेत, एवढंच आहे. मसुदा त्यांनीच केला का?"

"एजंटच्या टायपिस्टने केला. त्यांनी नजरेखालून घातला."

"नजर जरा घाईत होती. विक्रेत्यांना बहिणी किती?"

मला माहीत नव्हतं. मी तसं म्हणणार, एवढ्यात मला ती दुपार आठवली. फ्लॅट बघायला दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मालकाच्या बायकोने आम्हाला थालीपीठ दिलं होतं आणि ताटात लिंबाचं लोणचं वाढता वाढता म्हणाल्या होत्या, "हे आमच्या वन्सं करून पाठवतात दरवर्षी." ताईने कृतीसुद्धा विचारली होती. मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. वन्संच म्हणाल्या होत्या. म्हणजे नणंद. मालकाची सख्खी बहीण, हयात, लोणचं घालण्याइतकी धडधाकट.

 मी मसुद्याचं तिसरं पान माझ्याकडे ओढलं.

"एक बहीण आहे," मी म्हटलं.

"मग हे एकमेव कसे?"

"हक्कसोड झालं असेल. बहिणी देतात की भावाला लिहून."

"देतात. असेलही झालं. पण मग मसुद्यात त्या हक्कसोडपत्राचा नंबर हवा. कुठे दिसतोय तुम्हाला?"

मी शोधलं. नव्हता.

"आणि झालंच नसेल," बाई पेन्सिल ठेवत म्हणाल्या, "तर उद्या तुम्ही अर्धा फ्लॅट विकत घेताय, पूर्ण पैसे देऊन. बाकीच्या अर्ध्यासाठी ती बहीण कधीही येऊन दार वाजवू शकते. ती नाही आली तर तिची मुलं येतील. उद्या किती वाजता आहे?"

"अकराला."

"माझी फी बाहेर मुलीकडे द्या आणि पावती घ्या. हिस्सा किती ते मी सांगेन नंतर. आधी हिस्सा कशात, ते ठरू दे."

जिना उतरताना मी कठडा धरून उतरले. एरवी धरत नाही. खाली एका दुकानात स्पीकर तपासून बघत होते, छातीत धडधडतंय ते माझं की त्या स्पीकरचं, कळेना. फाईलची पिशवी मी पोटाशी धरली होती, कोणी हिसकावून नेईल तशी. त्यात किमती काहीच नव्हतं. किमती जे होतं ते बँकेत, पे ऑर्डर होऊन, मालकाच्या नावाने तयार पडलं होतं.

तिथेच एका बोळात शिरून एजंटला फोन लावला.

"मॅडम, बोला! उद्या अकरा शार्प हां. मी साडेदहालाच पोचतो, टोकन घेऊन ठेवतो."

"मालकांची बहीण आहे. तिने हक्क सोडलाय का?"

"हो हो. झालंय ना ते."

"तुम्ही कागद पाहिलाय?"

"मॅडम, कागद वगैरे आपलं डिपार्टमेंट नाही. तुमच्या वकीलसाहेबांनी बघितलंय ना सगळं? ते ओके बोलले म्हणून तर मी टायपिंगला टाकलं. टेन्शन नका घेऊ यार तुम्ही. आणि एक, मालक काका उद्या रात्रीच्या गाडीने मुलाकडे चाललेत, कायमचे. उद्या नाही झालं तर मग अवघड आहे. दुसरी पार्टी बसलीय तयार."

ही दुसरी पार्टी प्रत्येक एजंटकडे कायम तयार बसलेली असते, हे मला कळतं. तरी भीती वाटली. विसार देऊन झालेला होता. आपण पाय मागे घेतला तर तो जातो हेही मला कळत होतं.

रिक्षा करून दादांकडे गेले. संगमवाडीच्या पुलावर गर्दी होती. पूर्ण रस्ताभर मी स्वतःला समजावत होते की दादा म्हणतील, अगं हो, हक्कसोड पाहिलंय मी, नंबर घालायचा राहिला, एवढंच. मी इतक्या वेळा ते मनात म्हटलं की मला ते दादांच्याच आवाजात ऐकू यायला लागलं.

दादा नुकतेच कोर्टातून आले होते. वहिनींनी चहा टाकला. मी चपला काढल्या काढल्या विचारलं, बसले नाही.

"दादा, त्या फ्लॅटच्या मालकाच्या बहिणीचं हक्कसोडपत्र तुम्ही पाहिलंत?"

"झालंय ते."

"पाहिलंत का?"

"एजंट म्हणाला झालंय. रजिस्टर केलंय म्हणाला."

"एजंट म्हणतो तुम्ही पाहिलंय."

दादांनी कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि तो सरळ करत राहिले. "अगं, माझ्या ज्युनिअरने ऑनलाइन काढलं होतं थोडंसं. मागची पाच-सात वर्षं बघितली, त्यात कर्जबोजा काही दिसला नाही. साधा फ्लॅट आहे, म्हातारा माणूस आहे. एवढं काय घाबरतेस?"

"मला सर्च रिपोर्ट लिहून द्याल का? तुमच्या सहीचा?"

हे मी त्यांच्यावर संशय घेऊन विचारलं नव्हतं. खरं म्हणजे मला अजूनही वाटत होतं की ते लेटरहेड काढतील, चार ओळी लिहितील आणि मी घरी जाईन. दादांनी माझ्याकडे बघितलं. मग खिडकीकडे बघितलं. मग म्हणाले,

"लिहून द्यायचं म्हणजे मग नीट बघावं लागेल."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

मी त्या माणसाला चाळीस वर्षं ओळखते. ते लबाड नाहीत. मला फसवून त्यांना काही मिळणार नव्हतं, मिळालंही नव्हतं. पैसे देणाऱ्यांची कामं दिवसा होतात आणि माझं काम उरलेल्या वेळात झालं, आणि उरलेला वेळ त्यांच्याकडे नव्हता. एजंटचा भरवसा दादांवर होता, दादांचा एजंटवर, माझा दोघांवर आणि ताईचा माझ्यावर. प्रत्यक्ष कागद एकानेही पाहिला नव्हता. आणि या साखळीतली मी तरी कोण, तर सहीशिवाय चिठ्ठी पुढे न सरकवणारी बाई.

"दादा, उद्या अकराला आहे."

"मग उद्याचं पुढे ढकल."

"विसार जाईल."

"जाईल कदाचित," दादा म्हणाले. "मी बोलतो त्याच्याशी." पण कधी बोलतो ते म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. चहा तसाच ठेवून निघाले. वहिनी जिन्यापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "रागावू नकोस हं." कोणी कोणावर रागावू नये, ते कळलं नाही.

ताईच्या घरी पोचले तेव्हा ती उद्या नेसायची साडी पलंगावर काढून ठेवत होती. अंगठ्याला शाई लागते की आता मशीनवर ठेवतात, असं तिने मला विचारलं. मी तिला सगळं सांगितलं, मधे काही न गाळता. सांगताना मी तिच्याकडे न बघता साडीच्या काठाकडे बघत होते.

ताई ओरडली नाही. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती पलंगावर बसली आणि म्हणाली, "मला तू म्हणालीस, वकिलांनी सगळं बघितलंय."

"हो."

"म्हणून मी ठेवी मोडल्या."

"हो."

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"दादांनी."

"बरं," ताई म्हणाली. नर्स असताना पेशंटच्या नातेवाइकांशी ती याच आवाजात बोलत असे. मला त्या आवाजाची जास्त भीती वाटली. मी तिला दुसऱ्या दिवसाचे दोन रस्ते सांगितले. सही करायची आणि बहीण येणार नाही अशी आशा करायची, किंवा सही करायची नाही आणि विसार गेला तर गेला म्हणायचं. मला वाटलं ती विचारेल, किती गेले? तिने वेगळंच विचारलं.

"आपण सही केली होती, आठवतंय?"

आठवत होतं. बाबा गेल्यावर आमच्या सख्ख्या भावाने आम्हा दोघींना रिक्षात घालून नेलं होतं. कचेरीच्या बाहेर बाकावर बसवलं, हक्कसोडाचे कागद मांडीवर दिले, इथे आणि इथे म्हणाला. मी तेव्हाही कारखान्यातच होते, तेव्हाही चिठ्ठ्या तपासत होते. वाचलं नाही. दोघींना एकेक साडी मिळाली. आम्हाला वाईटही वाटलं नव्हतं, हे मी मुद्दाम लिहिते. पण आम्हाला विचारलं होतं का, असं ताईने विचारलं, आणि मी नाही म्हटलं.

"त्या बाईला तरी कोणी विचारलं असेल का?" ताई म्हणाली. "ज्यांचं लोणचं आपण खाल्लं."

"ते मला बघायचं नाही ताई. मला तुझे पैसे बघायचेत."

"दोन्ही एकच आहे," ताई म्हणाली आणि साडीची घडी घालून कपाटात ठेवली. म्हणजे उद्या जायचं नाही, हे ठरलं. आमच्या घरात निर्णय असेच होतात.

घरी येऊन मी जेवले. फाईलमधली यादी काढून तिच्या शेवटी दोन ओळी वाढवल्या, हक्कसोडपत्र आणि शोध अहवाल, आणि त्यांच्यापुढे क्रमांकाची जागा कोरी ठेवली.  विसार गेल्याची भीती वेगळी, फ्लॅट गेल्याची वेगळी. तिसरी भीती विहाराची होती, ती मी मोजलीच नव्हती. येत्या रविवारी मी कुठे बसणार, दादांना काय म्हणणार, आणि वहिनी तांदळाची खीर वाटायला माझ्याकडे देणार की दुसरीकडे. परक्याने फसवलं तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. आपल्या माणसाला "तुमच्यावर माझा भरवसा नाही" म्हणायचं तर त्यासाठी शब्द कुठून आणायचे, ते मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

दहा तारखेला सकाळी आठ वाजता मी मालकांना स्वतः फोन केला. एजंटमार्फत केला असता तर पुन्हा कोणीतरी कोणाचंतरी ऐकून सांगितलं असतं.

"काका, आज येत नाही आम्ही. तुमच्या ताईंच्या हक्कसोडपत्राचा नंबर मिळाला की लगेच येऊ."

 पलीकडे भांडी बांधल्याचे, टेप ओढल्याचे आवाज येत होते.

"कोणाच्या?"

"तुमच्या बहिणीच्या."

"तिचा काय संबंध? तिचं लग्न झालंय पस्तीस वर्षांपूर्वी. ती कधी काही मागत नाही. तिला कशाला मधे आणता?"

 म्हणजे हक्कसोड झालेलंच नव्हतं. राखून ठेवलेली सगळी आशा त्या एका वाक्यात संपली, आणि तीन तासांनी आम्ही तिथे अंगठे उठवून बसलो असतो हे लख्ख दिसलं.  मी आवाज सरळ ठेवून म्हटलं, "मधे मी आणत नाही काका. त्या आहेतच मधे. त्यांनी सही केली तर मी फ्लॅट घेते, नाही केली तर माझा विसार परत करा. काय ते वकिलांमार्फत लेखी बोलू."

"कोण वकील?" त्यांनी विचारलं.

"आज ठरवते," मी म्हटलं.

ताईला घेऊन नऊ वाजता दादांच्या चेंबरमध्ये गेले, शिवाजीनगरला. घरी गेले नाही. घरी चहा येतो आणि मग बोलणं होत नाही. दादा अशिलांच्या गर्दीत होते. आमचा नंबर येईपर्यंत बाकावर बसलो. आत गेल्यावर मी फोनवरचं बोलणं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "बरं झालं तू थांबलीस," म्हणाले, दोनदा म्हणाले. मी पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"फी. तीस वर्षांचा शोध, लेखी अहवाल, आणि मालकांना नोटीस."

"उचल ते." दादांचा आवाज चढला. "परकं करतेस मला? चुकलो मी एकदा, म्हणून?"

ताईने माझ्या हाताला हात लावला. मला वाटलं ती उचल म्हणतेय. पण तिने नुसता हात ठेवला.

"दादा," मी म्हटलं, "तुम्ही फी घेतली नाही तर मी दुसरा वकील बघते. बुधवार पेठेतून नंबर मिळेल मला. तुम्ही दादाच राहा, रविवारी भेटू. पण वकील व्हायचं असेल तर हे घ्या, आणि मी प्रश्न विचारीन तेव्हा रागावू नका."

दारात पुढचा अशील डोकावला. दादांनी त्याला हाताने थांबवलं. पाकिटाकडे बघत बसले. मला त्यांचे पांढरे झालेले केस दिसले आणि वाटलं, आपण फार बोललो. पण पाकीट मी उचललं नाही.

शेवटी त्यांनी खालचा ड्रॉवर ओढला, पावतीपुस्तक काढलं आणि लिहायला घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. वडिलांच्या नावाशी पेन जरासं थांबलं. मग खाली कामाचं वर्णन लिहिलं आणि सही केली.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"पंधरा. निबंधकाच्या ऑफिसात मी स्वतः जाईन."

"मध्ये फोन केला तर चालेल?"

"कर," दादा म्हणाले. चहा विचारला नाही. बाहेर बाकावर अजून सहा माणसं बसलेली होती.

मी पावती वाचली, फाईलमध्ये लावली, ताईला रिक्षात बसवलं आणि तिथून खडकीला कामावर गेले.